बास नाही, मग बासचा संच कशाला?

गळ टाकण्याच्या नादाला नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात हल्ली एक यादी हमखास पडते. सात-आठ रॉड आणि तितकीच रिळं. रबरी बेडकासाठी जाड, ताठ रॉड. क्रँकबेटसाठी फायबरग्लासचा लवचीक. जिगसाठी वेगळा, स्पिनरबेटसाठी मधला, पाण्यावर नाचणाऱ्या आमिषांसाठी जरा आखूड. ड्रॉपशॉटसाठी नाजूक स्पिनिंग रॉड, नेड रिगसाठी त्याहून नाजूक. आणि वीतभर लांबीचं स्विमबेट फेकायला एक सोटा. एवढं जमलं की तुमचा संग्रह सर्वोपयोगी झाला, असं सांगतात. सांगणारे बहुतेक प्रामाणिक असतात. काही दुकानदारही असतात.

ही यादी आपल्याकडे सर्वोपयोगी तर नाहीच, उलट इतकी एकांगी यादी शोधून सापडायची नाही. आठही रॉड एकाच माशासाठी आहेत, आणि तो मासा इथे नाही.

लार्जमाउथ बास हा मूळ उत्तर अमेरिकेतला मासा. माळव्यातल्या तलावांत तो नाही, महाराष्ट्रातल्या धरणांतही नाही. तरी त्याच्यासाठी आखलेल्या वर्गवारीने आपण आपलं सामान मोजतो. रॉडवर छापलेलं बळ, वाकण्याची जात, दोऱ्याची ताकद, आमिषाचं वजन हे सगळं उपयोगाचं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘एक तंत्र, एक रॉड’ या सूत्राशी. ते कुठून आलं हे पाहिलं की ते इथे का चालत नाही हेही कळतं.

१९६७ साली रे स्कॉट या अलाबामातल्या विमा विक्रेत्याने आर्कान्सामधल्या बीव्हर तलावावर बास पकडण्याची स्पर्धा भरवली. त्यातूनच पुढे बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी उभी राहिली. १९७१ साली ‘बासमास्टर क्लासिक’ सुरू झालं आणि छंदाचा धंदा झाला. या स्पर्धांचं गणित साधं असतं. दिवसाचे ठरावीक तास, वेगाने धावणारी बोट, आणि शेवटी वजनकाट्यावर पाच मासे. एका वेळी वापरात रॉड एकच, हा नियम. मग आमिष बदलायला दोरा कापून नवी गाठ मारण्यात जी दोन-तीन मिनिटं जातात, ती दिवसभरात तासाभराची होतात. त्यावर उपाय म्हणजे दहा-बारा रॉड आधीच बांधून बोटीच्या फळीवर मांडून ठेवायचे, एक खाली ठेवायचा, दुसरा उचलायचा. बक्षिसाची रक्कम घड्याळावर अवलंबून असलेल्या माणसाला हे शंभर टक्के बरोबर आहे. पण तिथेसुद्धा डझनभर रॉड लागतात ते घड्याळामुळे. तीन मिनिटं वाचवण्यासाठी एक रॉड, असा तो सौदा आहे. तलावाच्या काठावर रविवारची सकाळ घालवायला आलेल्या माणसाला तीन मिनिटं वाचवून करायचं काय?

गंमत म्हणजे पहिल्या क्लासिकला स्पर्धकांना विमानात बसवलं, तोवर कुठल्या तलावावर जायचंय हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. शेवटी तो नेवाडातला मीड तलाव निघाला. अनोळखी पाणी आणि बरोबर मोजकंच सामान. सर्वोपयोगी संग्रहाची खरी परीक्षा ती होती. पुढच्या अर्धशतकात त्या परीक्षेचा विसर पडला आणि फळीवर मांडलेल्या रॉडांचे फोटो तेवढे उरले.

मोठ्या बासचा विक्रमही या यादीच्या बाजूने साक्ष देत नाही. २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या मॉन्टगोमेरी तलावात जॉर्ज पेरी या शेतकरी तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून किंचित जड बास पकडला. तो आणि त्याचा सोबती यांच्यात मिळून रॉड-रीळ एकच होतं, आमिषही एकच, आणि दोघं आळीपाळीने फेकत होते, अशी त्या माशाची गोष्ट सांगितली जाते. मासा घरी नेऊन खाल्ला. या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावं लागलं. जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना तेवढा मासा लागला तो जिवंत ब्लूगिल गळाला लावून. एका माशावरून सिद्धान्त मांडू नये हे मलाही कळतं. पण आठ रॉडांशिवाय गंभीर मासेमारी होत नाही असं म्हणणाऱ्याने निदान या दोन नोंदींचा खुलासा करावा.

यादीवाल्यांपैकी काही जण याच्या पुढे जातात. बास इथे नाही ना, मग आणून सोडू, एवढी मोठमोठी धरणं पडली आहेत, असं बोलणारे मी ऐकले आहेत. आधी सामान घ्यायचं आणि मग सामानाला साजेसा मासा आणायचा! हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही. जपानमध्ये १९२५ साली हाकोनेजवळच्या आशी सरोवरात अमेरिकेतून आणलेले बास सोडले. त्यांचा प्रसार देशभर झाला, तळ्यांतल्या देशी माशांवर गदा आली, आणि २००५ साली बासची गणना घातक परकीय जातींत करून तो जिवंत पाळायला, वाहून न्यायला, पाण्यात सोडायला कायद्याने बंदी करावी लागली. ज्या बिवात विक्रम झाला, तिथे पकडलेला बास परत पाण्यात सोडणंही निषिद्ध आहे.

परदेशाचं उदाहरण दूरचं वाटत असेल तर घरचं घ्या. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकात महसीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचं त्यामागचं संशोधन देशभर वाखाणलं गेलं, आणि ते योग्यच होतं. दख्खनी महसीरला त्याने आधार मिळाला. पण इथली पिल्लं इतर राज्यांच्या नद्यांतही गेली. कावेरीत हा दख्खनी महसीर फोफावला आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मात्र ओसरत गेला. संशोधकांनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला आहे. २०१८ साली कुबडा महसीर ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. उत्तम हेतूने, आपल्याच देशातला, आपल्याच गोत्रातला मासा हलवला तर हे होतं. मग हौसेखातर आणलेल्या शिकारी माशाचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. मी लिहितो आहे उज्जैनच्या देवास गेटवरून, आणि ही जागा या वादात महत्त्वाची आहे. रेल्वे स्टेशन आणि बसस्थानक इथे एकमेकांना खेटून आहेत. गळ टाकायला जाणारा इथला सामान्य माणूस मोटारीच्या टपावर बोट बांधून निघत नाही. तो बसने जातो, गाडीने जातो, किंवा कुणाच्या तरी मोटरसायकलच्या मागे बसून जातो. सात फुटांचा अखंड रॉड म्हणजे २१३ सेंटिमीटर. तो घेऊन देवास गेटवरच्या इंदूरच्या बसमध्ये चढून दाखवा. कंडक्टर काय म्हणेल ते मी इथे छापू शकत नाही. तोच रॉड दोन तुकड्यांचा असला तर साधारण १०७ सेंटिमीटरची काठी होते, सीटच्या बाजूला उभी राहते आणि दर गतिरोधकाला शेजाऱ्याच्या कानाला लागते. चार तुकड्यांचा असला तर दोन फुटांच्या आत मावतो, पाठीवरच्या पिशवीत जातो. बासच्या यादीत उत्तम म्हणून सांगितलेले बहुतेक रॉड अखंड असतात, कारण त्यांना बोटीत सात-आठ फुटी खण असतो असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे खण नाही. त्यामुळे इथे रॉडची पहिली कसोटी त्याच्या लांबी-ताकदीआधी तो किती तुकड्यांत मोडतो ही आहे. आठ रॉडांची यादी इथेच बसच्या पायरीवर अडते.

बस पकडून जायचं कुठे? शिप्रेवर रामघाटाला नाही, हे उघड आहे. तिथे लोक माशांना पिठाच्या गोळ्या घालतात पुण्य म्हणून. तेच पीठ गळाला लावणाऱ्याला घाटावर कुणी उभं करणार नाही, करूही नये. उज्जैनजवळ उंडासा तलाव आहे. शहराला पाणी पुरवणारं गंभीर नदीवरचं धरण आहे. शिप्रा ज्या चंबळेला मिळते, तिच्यावर १९६०पासून गांधीसागर आहे. दक्षिणेला इंदूर ओलांडून गेलं की बडवाह, ओंकारेश्वर आणि नर्मदा. यातल्या एकाही ठिकाणचं पाणी दुसऱ्यासारखं नाही. काळ्या मातीचा तलाव पावसाळ्यानंतर गढूळ असतो, उन्हाळ्यात आक्रसून काठापासून हात-दोन हात चिखल सोडतो, कडेला पाणवनस्पतींचा गालिचा. गांधीसागर म्हणजे उघडा समुद्रच, वारा समोरून आला तर हलकं आमिष पायाशी येऊन पडतं. नर्मदेला खडक आणि धार. आणि या सगळ्या ठिकाणी आपण काठावर उभे असतो. बोटीतला माणूस माशाजवळ जातो. काठावरच्याला आमिष माशाजवळ पोचवावं लागतं. म्हणून लांब फेक आणि रिळावर पुरेसा दोरा या दोन गोष्टी इथे जास्त मोलाच्या, आणि बासच्या यादीत त्यांना फारशी किंमत नाही.

आता मासे. रोहू, कटला, मृगळ हे आपल्या गोड्या पाण्यातले सर्वांत परिचित मासे. जलाशयांत यांचंच बीज सोडलं जातं, बाजारात हेच येतात, आणि पहिल्यांदा गळ टाकणाऱ्या बहुतेकांची आशा यांच्यावरच असते. यादीतल्या आठ रॉडांपैकी यांच्यासाठी एकही नाही. एकही! कारण हे मासे आमिषामागे धावणारे शिकारी नव्हेत. पीठ, भाजलेल्या डाळीचा चुरा, पेंड, मुंग्यांची अंडी अशा खाद्यावर ते येतात, आणि त्यासाठी आधी जागा चारून तयार करावी लागते. रोहूच्या ओठांना दात नसतात, ते मऊ असतात. ताठ रॉडने हिसका दिला तर गळ फाडून निघतो. पहिल्याच धावेत मासा दहा-वीस मीटर दोरा ओढतो, तेव्हा रॉड मुळापर्यंत वाकला पाहिजे आणि रिळाचा ड्रॅग गुळगुळीत सुटला पाहिजे. दहा-अकरा फुटांचा मवाळ रॉड, ४०००च्या आसपासच्या आकाराचं स्पिनिंग रीळ, त्यावर ०.३० मिलिमीटरचा तंगूस. एवढ्यावर कटल्यासाठी वर तरंगता बूच बांधा, मृगळासाठी तळाला शिसं सोडा, रोहूसाठी मधली पातळी धरा. मासे तीन, पाण्याचे थर तीन, रॉड एकच. याला मी सर्वोपयोगी म्हणतो.

मरळ ही मात्र यादीवाल्यांच्या बाजूची साक्षीदार आहे, हे मान्य करायला हवं. मरळ शिकारी आहे, वनस्पतींच्या गालिच्याखाली दबा धरून बसते, हवा घ्यायला पृष्ठभागावर येते आणि त्या बुडबुड्याने आपला पत्ता सांगते. रबरी बेडूक त्या गालिच्यावरून ओढत नेला की पाणी फुटतं. तिथे क्षणभर थांबून, बेडूक तोंडात जाऊ देऊन मग जोरात मारायचं. जबडा हाडाचा, गळ रुतायला जोर लागतो. शिवाय मासा लागल्यावर त्याला खेळवायचं नसतं, वनस्पतींतून बाहेर खेचायचं असतं, नाहीतर तो देठांना दोरा गुंडाळून मोकळा होतो. इथे रोहूचा मवाळ रॉड अगदी कुचकामी. सात फुटांचा ताठ रॉड, चाळीस पौंडांचा ब्रेडेड दोरा, ड्रॅग जवळजवळ बंद. बासच्या यादीतला बेडकाचा रॉड हेच काम करतो आणि ते चांगलं करतो. म्हणजे आठांपैकी एक आपल्या कामाचा निघाला. तेवढ्याबद्दल आभार.

बेडकाच्या त्या रॉडवर बेटकास्टर रीळच हवं, असा पुढचा आग्रह असतो. बेटकास्टरने नेम चांगला साधतो आणि जड दोरा नीट हाताळता येतो, हे खरं. पण त्याच्या फिरकीवर अंगठ्याचा ताबा यायला वेळ लागतो, आणि तोवर वाऱ्यात फेकलेल्या हलक्या आमिषाचा शेवट दोऱ्याच्या घरट्यात होतो. बऱ्यापैकी मजबूत स्पिनिंग रिळावर चाळीस पौंडांचा दोरा भरून मरळ आरामात निघते. हौस असेल तर बेटकास्टर घ्या. गरज म्हणून विकत असतील तर घेऊ नका.

राहिले शिवडा आणि महसीर. शिवड्याच्या तोंडात दातांच्या रांगा, त्यामुळे गळाच्या वर हातभर जाड फ्लुरोकार्बन किंवा तारेचा तुकडा बांधायचा. रॉड मरळीचाच चालतो. महसीरच्या ओठांत दात नाहीत, पण घशातले दात आणि जबड्याचा दाब असा की हलके तिहेरी गळ चेपून टाकतो. त्याला चमचा किंवा मोठा स्पिनर फेकायला तोच सात फुटी रॉड, फक्त रिळावर वीस पौंडांचा बारीक दोरा दीडशे-दोनशे मीटर असावा, कारण धारेबरोबर धावणारा महसीर थांबवता येत नाही, त्याच्यामागे चालत जावं लागतं. हे सांगताना एक खंत आहे. २०११ साली मध्य प्रदेशाने महसीरला राज्यमत्स्याचा मान दिला, तोपर्यंत नर्मदेत तो दुर्मीळ होत आला होता. धरणांनी वाहतं पाणी साचवलं आणि वाळू-खडीचे तळ गेले. बडवाहच्या बाजूला वनविभागाने त्याच्या पैदाशीचे प्रयत्न केले आहेत. तो लागलाच, तर ओल्या हाताने गळ काढून सोडायचा. यावर मी वाद घालणार नाही.

तर माझा संच असा. एक सात फुटी, चार तुकड्यांचा, दहा ते तीस ग्रॅम आमिष फेकणारा ताठ रॉड. एक दहा-अकरा फुटी मवाळ रॉड, घडीचा किंवा तुकड्यांचा. रिळं दोन, पण दोन्ही एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची आणि एकाच आकाराची. हा मुद्दा कुठल्याच यादीत दिसत नाही आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. रिळं जुळी असली की त्यांचे स्पूल अदलाबदल होतात. मग दोन जादा स्पूल घेऊन चार दोरे बरोबर ठेवता येतात: मरळीला जाड ब्रेडेड, महसीरला बारीक ब्रेडेड, रोहूला ०.३०चा तंगूस, आणि मोठा कटला अपेक्षित असेल तर ०.३५चा. स्पूल बदलायला अर्धं मिनिट लागतं. एका रिळाची मूठ किंवा बेल तुटली तर दुसऱ्याचे भाग उपयोगी पडतात. बास-यादीने आठ रॉडांनी जे साधायचं म्हटलं, त्यातलं आपल्या उपयोगाचं सगळं चार स्पूलनी साधतं, आणि स्पूल शर्टाच्या खिशात मावतो.

तिसरा रॉड घ्यायचाच असेल तर सहा फुटांचा हलका घ्या, दोन ते आठ ग्रॅमचा, तिलापियासाठी आणि घरातल्या पोरांसाठी. पोराच्या हातात पहिला मासा तिलापियाच यावा. तो उदार असतो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत भक्कम असा: सगळ्या कामांना एकच रॉड ही भाकडकथा आहे, क्रँकबेटचे बारीक तिहेरी गळ ताठ रॉडने फाटून निघतात, म्हणून मवाळ रॉड लागतोच. यांत्रिकदृष्ट्या हे बिनचूक आहे, आणि म्हणूनच मी एक सांगत नाही, दोन सांगतो, परस्परविरुद्ध स्वभावाचे. ताठ आणि मवाळ या दोन टोकांच्या मधली अंतरं ड्रॅग सैल करून, ताण घेणारा तंगूस लावून, हात जरा उशिरा उचलून भरून काढता येतात. आठ रॉड मागणारा माणूस हाताचं काम दुकानावर ढकलत असतो.

दुसरा आक्षेप गोल्फच्या दाखल्याने येतो: खेळाडू जसा प्रत्येक फटक्याला वेगळी काठी घेतो तसं हे आहे. दाखला हौशी आहे, पण दाखला देणाऱ्यांना त्या खेळाचा एक नियम ठाऊक नसावा. पिशवीत काठ्या वाढत चालल्या तेव्हा अमेरिकेत १९३८ साली चौदाची मर्यादा घालावी लागली. शिवाय गोल्फमध्ये चेंडू तोच, भोक तेवढंच. आपल्याकडे पाणी बदलतं, मासा बदलतो, ऋतू बदलतो, आणि हे लोक काठ्या मात्र एकाच माशासाठी वाढवतात.

तिसरा: पैसा माझा, हौस माझी, तुम्ही कोण? कुणीच नाही. संग्रह म्हणून रॉड जमवणाऱ्याशी माझा काही वाद नाही. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी रॉड. वाद आहे तो नवख्याला ‘याशिवाय जमणार नाही’ म्हणून घाबरवण्याशी. एका पगारात एक रॉड बसवणारा मुलगा ती यादी पाहतो आणि एक तर छंद सोडतो, नाहीतर आठ स्वस्त रॉड घेतो. आठ स्वस्त रॉडांपेक्षा दोन बरे रॉड केव्हाही चांगले. सगळ्यांत जास्त मासे सुटतात ते रॉडमुळे नाहीतच. ते उन्हाने कुजलेल्या दोऱ्यामुळे, बोथट गळामुळे आणि घाईत, न भिजवता आवळलेल्या गाठीमुळे सुटतात. दोरा वर्षाकाठी बदलायचा, गळ नखावर घासून पाहायचा, ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीचा चौथा-तिसरा हिस्सा इतका लावायचा. हे फुकट किंवा जवळजवळ फुकट आहे, म्हणून कुणी सांगत नाही.

आणि हे शहाणपण काही आजचं नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. गळ टाकण्याची पद्धत त्यात आहे. पण त्याचा भर कशावर आहे पाहा: समुद्रातले आणि नदीतले माशांचे पस्तीसेक प्रकार, आणि कुठल्या माशाला कुठलं खाद्य घालून वश करायचं. दिमतीला अख्खं राज्य असलेला, हव्या तेवढ्या काठ्या तोडून आणवू शकणारा राजा आधी मासा ओळखायला सांगतो. आपण महिनाअखेरीला हप्ते मोजणारी माणसं आधी काठ्या मोजतो.

सोमेश्वराचं सूत्र धरून चाललं तर प्रत्येक गावाचा संच वेगळा निघेल, आणि तसाच निघाला पाहिजे. रायगडच्या खाडीत जिताडा आणि तांबोशी धरणाऱ्याला खाऱ्या पाण्याला टिकणारं रीळ लागतं आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक लागतं. माझा दहा फुटी मवाळ रॉड त्याला निरुपयोगी आहे. पवई तलावावर बसणाऱ्या मुंबईकराचा दिवस वेगळा. त्यांनी माझी यादी घेऊ नये. माझी तक्रार हीच तर आहे की जगभर सगळ्यांना एकच यादी वाटली जाते.

सामान घेण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात, त्याही या याद्यांमध्ये नसतात. जलाशयातले मासे बेवारस नसतात. तिथल्या मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी समित्यांकडे किंवा महासंघाकडे असतात, त्यातून घरं चालतात, त्यामुळे काठावर बसण्याआधी त्यांना विचारायला हवं. आणि मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात माशांच्या विणीसाठी मासेमारीला बंदी असते. याच दिवसांत मरळीची जोडी लालसर पिल्लांचा थवा राखत पाण्यात फिरते, आणि बेडूक टाकला तर रागाने धावून येते. तेव्हा लागलेली मरळ म्हणजे मागे राहिलेली शेकडो पिल्लं इतर माशांच्या तोंडी. त्या मरळीसोबतचा फोटो मिरवणाऱ्याच्या पाठीशी आठ रॉड उभे असले तरी मी त्याला गळ टाकणारा म्हणणार नाही.

ज्यांनी यादी अजून पुरी केलेली नाही, त्यांनी इथेच थांबावं. ज्यांनी केली आहे, त्यांना विनंती की बेडकाचा रॉड ठेवा, एखादा मवाळ ठेवा, बाकीचे गल्लीतल्या त्या पोरांना द्या जी आज बांबूला तंगूस बांधून तलावावर जातात. एक-दोन विकलेच, तर त्या पैशांतून नवा दोरा, धारदार गळ, गळ काढायची लांब पक्कड आणि एक जादा स्पूल घ्या, आणि १५ ऑगस्ट उलटेपर्यंत सगळं पिशवीत राहू द्या.